आजोबांचा क्यू आणि मिस्त्रींचे मेलामाइन

प्रश्न : माझे आजोबा होळकर संस्थानात नोकरीस होते आणि संध्याकाळी क्लबात बिलियर्ड्स खेळत असत. इंदूरच्या राजेंद्रनगरमधील आमचे घर आवरताना माळ्यावर त्यांचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, सापडला. पुढचा भाग फिकट लाकडाचा, मागचा काळ्या लाकडाचा आणि त्यावर विलायती कंपनीच्या नावाची लहानशी पिवळट पट्टी आहे. मध्यंतरी घरातल्याच कोणीतरी संपूर्ण क्यूला चकचकीत व्हार्निश दिलेले दिसते. ते आता तपकिरी पडले आहे, काही ठिकाणी त्याचे पोपडे निघाले आहेत आणि पावसाळ्यात हाताला चिकटते. टोकाकडचा वीतभर भाग खडूमुळे निळा-हिरवा झाला आहे, तर टोकापासून हातभर अंतरावर एक पोचा आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ‘मशीनवर घासून मेलामाइन मारून देतो, अगदी नवा दिसेल.’ क्यू त्यांच्याकडे द्यावा का? घरी काम करायचे झाल्यास कसे करावे? जवसाचे तेल लावतात असे ऐकले आहे. ते स्वयंपाकघरातले चालेल का? मला हा क्यू शोभेसाठी नको आहे, खेळायला हवा आहे.

उत्तर : क्यू मिस्त्रींकडे देऊ नये. त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही. दरवाजा, पलंग किंवा देव्हारा असता तर मीही आपल्याला त्यांच्याकडेच पाठवले असते. परंतु फर्निचरचे पॉलिश डोळ्यांसाठी असते आणि क्यूचे हातासाठी. मेलामाइनचा थर काचेसारखा गुळगुळीत दिसतो खरा, पण घामेजलेल्या बोटांवर तो सरकत नाही, धरून बसतो. फटका मारताना क्यूचा पुढचा भाग टेबलावर रोवलेल्या हाताच्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून मागेपुढे जात असतो, आणि तिथे किंचित जरी अडखळला तरी चेंडूवरचा नेम चुकतो. आपला क्यू चिकटतो त्याचे कारण लाकूड नाही, त्यावर चढवलेला हा थर आहे.

मशीनची गोष्ट याहून गंभीर आहे. क्यूचा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, टोकाशी साधारण नऊ ते दहा मिलिमीटर जाड असतो आणि तिथून मागे अगदी सावकाश, एका लयीत जाड होत जातो. हा निमुळतेपणा हाच क्यूचा स्वभाव होय. घासण्याच्या मशीनला तो कळत नाही. ते जिथे क्षणभर जास्त टेकते तिथे खळगा पाडते आणि गोल लाकडाला पैलू आणते. हे मी अनुभवाने लिहितो आहे. वयाच्या विसाव्या वर्षी मी मामांचा क्यू ‘स्वच्छ’ करायला घेतला आणि ऐंशी नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर त्याभोवती गुंडाळून दुपारभर ओढत बसलो. क्यू झाला मोठा देखणा. तिसऱ्या संध्याकाळी मामांनी एक लांब फटका मारला, क्यूकडे पाहिले आणि म्हणाले, ‘ही तर शाळेतली छडी झाली.’ मधला भाग इतका बारीक झाला होता की जोराच्या फटक्याला शाफ्ट थरथरत असे. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून तो क्यू पुढे पडदे सरकवण्याच्या कामी आला.

तेव्हा आपल्या कामाचा नियम एवढाच धरावा की व्हार्निश पूर्ण निघावे आणि लाकूड शक्यतो मुळीच निघू नये. सुरुवातीला व्हर्निअर कॅलिपरने तीन ठिकाणची जाडी मोजून कागदावर लिहून ठेवावी : टोकावरच्या पितळी फेरूलच्या, म्हणजे कड्याच्या, लगत मागे, त्यापासून एक फुटावर आणि शाफ्टच्या मध्यावर. काम संपल्यावर यांतील कोणत्याही आकड्यात मिलिमीटरच्या एक दशांशापेक्षा जास्त फरक पडता कामा नये. त्याआधी एक दिवस नुसते पाहण्यात घालवावा असेही सुचवतो. पट्टीवर बरोज अँड वॉट्ससारख्या, म्हणजे १८३६ पासूनच्या, एखाद्या जुन्या लंडनी कंपनीचे नाव असेल, तर संग्राहकांच्या लेखी मूळ पॉलिशलाही किंमत असते. आपल्या क्यूचे मूळ पॉलिश नंतरच्या व्हार्निशखाली गेलेलेच आहे, त्यामुळे पुढच्या भागाबाबत हा प्रश्न उरत नाही. मागच्या काळ्या भागावर मात्र व्हार्निश पातळ असेल आणि लाकूड दिसायला चांगले असेल, तर तो भाग जसा आहे तसा राहू द्यावा.

फिकट लाकूड बहुधा ॲश असेल. त्याची ओळख सोपी आहे : रेषा ठळक आणि उघड्या असतात, नख आडवे फिरवले तर किंचित खरखर लागते आणि शाफ्टच्या अंगावर एकामागून एक बाणाची टोके काढल्यासारखी नक्षी दिसते. मेपलचे लाकूड याउलट बंद रेषांचे आणि जवळजवळ निर्विकार दिसणारे असते. हा फरक पुढे कामाला येईल, कारण ॲशच्या उघड्या रेषांत जे शिरेल ते तिथेच बसते, मग तो खडू असो, घाम असो की घासताना उडालेला भुगा.

आता व्हार्निश कोणते आहे ते तपासावे. शाफ्टच्या मागच्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही अशा जागी कापसाच्या बोळ्याने पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब लावून मिनिटभर थांबावे. जागा चिकट झाली आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला, तर तो चपड्याचा, म्हणजे लाखेचा, थर आहे. नुसत्या स्पिरिटच्या फडक्याने तो तासाभरात उतरेल आणि आपले निम्मे कष्ट वाचतील. स्पिरिटने काही झाले नाही तर त्याच पद्धतीने थिनर लावून पाहावे. त्याने मऊ पडल्यास ते लॅकर होय. दोहोंनाही दाद न देणारा थर म्हणजे पक्के झालेले आधुनिक पॉलिश. ते खरवडूनच काढावे लागते. थिनरची बाटली उघडण्यापूर्वी मात्र नावाच्या पट्टीवर कागदी चिकटपट्टी दोन पदरी लावून टाकावी. जुन्या क्यूंवरच्या अशा पिवळट पट्ट्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड थिनरमध्ये विरघळते. आजोबांच्या क्यूवरचे नाव एका पुसण्यात गेले, अशी हळहळ नंतर व्हायला नको.

खरवडण्यासाठी आपल्याकडचे जुने सुतार काचेचा ताजा तुटलेला तुकडा वापरत असत आणि आजही त्याहून स्वस्त आणि चांगले हत्यार मला माहीत नाही. पातळ पोलादी स्क्रेपर मिळाला तर हाताला सुरक्षित. क्यू मांडीवर जाड टॉवेल घेऊन त्यावर ठेवावा. धार लाकडावर जवळजवळ उभी धरून, किंचित आपल्याकडे कलवून, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने हलकेच ओढावी; दाब इतका कमी की आवाज ‘खर्र’ न येता कोरड्या पानावरून बोट फिरवल्यासारखा यावा. प्रत्येक ओढीनंतर क्यू थोडा फिरवावा, म्हणजे एकाच बाजूचे लाकूड जाऊन पैलू पडणार नाही. डोळा भुग्याच्या रंगावर ठेवावा. व्हार्निशचा भुगा पिवळा-तपकिरी आणि ठिसूळ असतो. त्यात पांढुरकी, लवचीक तूस दिसू लागली की धार लाकडाला लागली, आणि त्या जागेवर तत्काळ थांबावे. रेषांच्या आत थोडे व्हार्निश राहिले तर राहू द्यावे. तेलाखाली ते वाईट दिसत नाही, उलट ॲशच्या रेषा उठून दिसतात.

त्यानंतरचे घासणे नावापुरतेच असते. वॉटर पेपर चारशे नंबरपासून सुरू करावा, मग सहाशे, आठशे आणि शेवटी हजार किंवा बाराशे. कागद तळहातात सैल धरून टोकापासून जोडापर्यंत सलग लांब हात मारावेत, एका जागी रेंगाळू नये आणि आडवे तर कधीच घासू नये. दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. एक म्हणजे फेरूल : त्यावरही चिकटपट्टी असावी, कारण पितळेचा भुगा ॲशच्या रेषांत गेला की काळपट-हिरवी छटा येते, आणि फेरूललगतचे लाकूड जास्त घासले गेले तर पितळेची कडा वर राहते व ती प्रत्येक फटक्याला बोटाला लागते. दुसरी जागा म्हणजे काळे लाकूड जिथे टोकदार पाकळ्यांसारखे फिकट लाकडात शिरते तो जोड. काळ्या लाकडाचा, बहुधा एबनीचा, भुगा काजळीसारखा बारीक असतो, तो फिकट रेषांत बसला की निघता निघत नाही. म्हणून या भागात कागद नेहमी फिकट लाकडाकडून काळ्याकडे न्यावा, उलट आणू नये, आणि प्रत्येक हातानंतर कोरड्या ब्रशने भुगा झाडावा.

खडूच्या डागाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. ओलसर, चांगल्या पिळलेल्या फडक्याने आणि नंतर थोड्या स्पिरिटने जेवढा रंग उतरेल तेवढा उतरवावा आणि उरलेला त्या क्यूच्या वयाचा भाग मानावा. ब्लीच वापरू नये. तो डागाबरोबर लाकडाचा रंगही खातो आणि टोकाचा वीतभर भाग हाडासारखा पांढरा दिसू लागतो.

पोचा मात्र बहुतेक वेळा निघतो, आणि हे काम पाहायला मौज वाटते. पोचा म्हणजे दबलेले लाकूड, गेलेले नव्हे. व्हार्निश पूर्ण काढून झाल्यावर चार पदरी ओले सुती फडके नेमके त्या जागेवर ठेवून इस्त्रीचे नुसते टोक तीन-चार सेकंद टेकवावे, उचलावे, पाहावे, पुन्हा टेकवावे. वाफ आत शिरली की दबलेले तंतू फुगून वर येतात. पाच-सहा वेळांत खड्डा सपाट न झाल्यास तिथले तंतू तुटलेले आहेत असे समजून सोडून द्यावे. बोटाला लागत नसेल तर डोळ्याला दिसला म्हणून बिघडत नाही. आपला पोचा टोकापासून हातभर लांब आहे म्हणून मी हा उपाय सांगितला. जोडाच्या जवळ वाफ देऊ नये, कारण जुन्या क्यूंचे जोड बहुधा सरसाचे असतात आणि सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. वाफेनंतर क्यू दोन दिवस सुकू द्यावा. ओलाव्याने उभी राहिलेली बारीक लव शेवटच्या नंबरच्या कागदाने एक-दोन हातांत बसते.

आता तेल. स्वयंपाकघरातले जवसाचे तेल चालते, पण ते कच्चे असल्याने वाळायला आठवडा, कधी पंधरवडाही घेते. त्यापेक्षा सियागंजातल्या रंगाच्या दुकानात मिळणारे रंगकामाचे उकळलेले अळशीचे, म्हणजे जवसाचेच, तेल घ्यावे. आपल्या माळव्यात ‘अलसी’ म्हटले की दुकानदाराला लवकर कळते. या तेलात सुकवणारी धातूची द्रव्ये मिसळलेली असल्यामुळे पातळ हात एका दिवसात वाळतो, आणि त्याच कारणासाठी ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नये. जवस हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून ते निवडायचे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल कितीही दिवस ठेवले तरी तसे घट्ट होत नाही. ते लाकडात तेलकटच राहते, वर धूळ धरते आणि कालांतराने खवट वास मारू लागते. ‘घरी आहे तर लावून टाकू’ हा मोह आवरावा.

तेलाचे आठ-दहा थेंब मऊ सुती फडक्यावर घेऊन शाफ्टवर चोळावेत, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने इतके पुसावे की लावले होते की नाही असे वाटावे. नवशिक्यांचे काम नेमके इथे फसते, कारण जास्त तेल म्हणजे जास्त पोषण असा त्यांचा समज असतो. पुसायचे राहिलेले तेल वर साय धरते आणि आपण जे चिकट व्हार्निश काढण्यासाठी एवढे श्रम केले तेच नव्या नावाने परत येते. चोवीस तासांनी दुसरा हात द्यावा, असे चार किंवा पाच हात पुरेत. पाऊस चालू असेल तर दोन हातांमध्ये दोन दिवस जाऊ द्यावेत. शेवटचा हात आठवडाभर मुरल्यावर तळहाताने शाफ्ट जोरात चोळावा. हाताच्या उबेने जी मंद, रेशमी झळाळी येते ती कोणत्याही डब्यात मिळत नाही. मागच्या काळ्या भागाला हवे असल्यास चपड्याचे स्पिरिट पॉलिश द्यावे, तिथे हात सरकत नसल्याने चमक चालते.

एक सूचना मी या सदरात पूर्वीही दिली आहे आणि पुन्हा देतो. जवसाचे तेल लागलेली फडकी चुरगळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळा केलेल्या फडक्यात साठते आणि कोणी काडी न लावता फडके पेटते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्याच व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या बादलीतून दुपारी धूर येऊ लागला होता, तेव्हा आत सकाळचे तेलाचे दोनच बोळे होते. फडकी दोरीवर एकेक पदर मोकळी वाळत घालावीत आणि कडक झाल्यावर, किंवा लगेच टाकायची तर पाण्यात पूर्ण भिजवून, टाकावीत.

हे सारे करून क्यू पुन्हा टेबलावर गेला, तर नियमांची आडकाठी येणार नाही याची खात्री बाळगावी. बिलियर्ड्सच्याच टेबलावर खेळल्या जाणाऱ्या स्नूकरच्या नियमांना क्यू तीन फुटांपेक्षा कमी लांबीचा नसावा आणि त्याचा आकार रूढ आकारापासून फारसा वेगळा नसावा, एवढेच हवे असते. पॉलिशबद्दल ते काहीच म्हणत नाहीत. तसाही हा खेळ १८७५ च्या सुमारास आपल्याच जबलपूरच्या लष्करी छावणीत, पावसाळ्यातल्या रिकाम्या वेळात जन्मला असे मानतात, तेव्हा दमट हवेत क्यू हाताला चिकटण्याची तक्रार या खेळाइतकीच जुनी असावी.

प्रश्न : इंदूरच्या अमी कमानी यांचा खेळ पाहून माझ्या मुलीने स्नूकर शिकायला घेतले. तिचा क्यू नवा, मेपलचा आहे, तरी जुलैपासून तो हातात अडकतो. शेजारच्या काकांनी टाल्कम पावडर लावायला सांगितली आहे. लावावी का? की त्याचेही पॉलिश काढून तेल द्यावे? (रामबागेतील एक आई)

उत्तर : दोन्ही नको. पावडरने पाच मिनिटे बरे वाटते, मग ती घामात कालवली जाऊन तिची लापशी होते आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर पांढरे पट्टे उमटतात. क्लबवाले रागावतील ते वेगळे. नव्या क्यूवर चिकटते ते बहुधा पॉलिश नसून घाम, खडू आणि हाताचा तेलकटपणा यांचा मिळून झालेला थर असतो. खेळ संपल्यावर रोज शाफ्ट ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि त्याच क्षणी कोरड्या टॉवेलने जोरात चोळून कोरडा करावा. मुलीने खेळायच्या आधी हात साबणाने धुवावेत आणि खिशात लहान नॅपकिन ठेवावा. दोन आठवडे असे करूनही फरक न पडल्यास पुढच्या दोन फुटांवर बाराशे नंबरचा कागद एक-दोनदा अलगद फिरवून पॉलिशची नुसती चमक घालवावी. एवढ्यावर क्यू सुटा चालायला हवा. मोटारीचे किंवा फर्निचरचे सिलिकॉन असलेले स्प्रे मात्र कधीही मारू नयेत, कारण पुढे कधी खरोखरच तेल द्यायची वेळ आली तर ते त्या जागी धरणार नाही.

प्रश्न : माझा क्यू थोडा वाकला आहे. उन्हात ठेवून किंवा वजन बांधून तो सरळ करता येईल का?

उत्तर : उन्हात ठेवल्यास तो आणखी वाकेल. आधी तो खरोखर वाकला आहे का ते पाहावे : टेबलावर घरंगळवून न पाहता, मागचे टोक गालाशी धरून एका डोळ्याने लांबीच्या दिशेने पाहावे आणि क्यू सावकाश फिरवावा. ॲशच्या क्यूला किंचित बाक असतोच आणि पुष्कळ चांगले खेळाडू तो बाक नेहमी एकाच दिशेला ठेवून, म्हणजे क्यू प्रत्येक वेळी त्याच कुशीवर धरून, वर्षानुवर्षे खेळतात. बाक टोकाच्या हातभर भागात आणि स्पष्ट दिसण्याइतका असेल तर क्यूचे काम करणाऱ्या जाणकाराला दाखवावा. वजने बांधण्याचा उपाय मी दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा बाक पंधरा दिवसांत परत आला. तोपर्यंत क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये, सपाट आडवा किंवा टोकाने उभा टांगून ठेवावा, आणि मे महिन्यात मोटारीच्या डिकीत विसरू नये.